कंबरेचा पट्टा : बांधावा कसा, सोडावा केव्हा?

सोयाबीनची काढणी सुरू झाली की बेंबळी परिसरातील दवाखान्यांत एक विशिष्ट चाल दिसू लागते. एक हात कंबरेवर, देह किंचित एका बाजूस कललेला आणि पाऊल जपून टाकलेले. दिवसभर ओणवे राहून विळा चालविलेला हा रुग्ण बाकावर टेकण्यापूर्वीच सांगतो, "डॉक्टरसाहेब, गोळी राहू द्या, पट्टा द्या. उद्या कामावर जायचंय." पुढे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. त्या वेळी काही जण तर दुखणे नसतानाही सोबत असावा म्हणून पट्टा विकत घेतात. एका खाड्याचीही किंमत मोजावी लागणाऱ्या या माणसांना विश्रांतीचा उपदेश करणे सोपे आहे. त्यांनी तो पाळणे अवघड आहे. म्हणूनच पट्ट्याचा विचार आपण वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी गांभीर्याने करावयास हवा.

या लेखामागे माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी तोडणीहून परतलेली एक मध्यमवयीन स्त्री पट्टा घालूनच दवाखान्यात आली. पट्टा सैल होता. तो बरगड्यांपर्यंत सरकत असे. मी तो बदलून योग्य मापाचा दिला, तैल व गुग्गुळकल्प लिहून दिला आणि पंधरा दिवसांनी बोलावले. ती दीड महिन्याने आली. नवा पट्टा नीट बसला होता. परंतु वजन उतरले होते आणि सायंकाळी अंगात कणकण राहत होती. पाठीच्या कण्यावर हलके ठोकताच ती कळवळली. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासण्या झाल्या व मणक्याच्या क्षयाचे निदान झाले. योग्य औषधोपचाराने ती बरी झाली. परंतु मधला दीड महिना माझ्यामुळे वाया गेला. पट्टा बरोबर होता, तपासणी अपुरी होती.

आधी रुग्ण, मग पट्टा

कटिशूल हे लक्षण आहे. ओझे उचलताना भरलेली कंबर, कटिग्रह, गृध्रसी, मणक्याचा अस्थिभंग, मूतखडा आणि मणक्याचा क्षय हे सारे रुग्णाच्या भाषेत 'कंबर दुखते' एवढेच असते. म्हणून पट्ट्याचे नाव काढण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारलेच पाहिजेत. लघवी अडते किंवा नकळत होते काय? शौचावरचा ताबा गेला आहे काय? बैठकीच्या जागी बधिरता आहे काय? पाय लुळा पडतो किंवा पाऊल घसटते काय? ताप, वजनात घट किंवा रात्री झोपेतून उठविणारी वेदना आहे काय? पूर्वी कर्करोग किंवा क्षय झाला होता काय? उंचावरून पडणे अथवा अपघात घडला आहे काय? वृद्ध रुग्णास किरकोळ धक्क्यानंतर दुखणे सुरू झाले काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर पट्टा हे उत्तर नव्हे. पुढील तपासणीसाठी पाठविणे हेच उत्तर होय. पहिल्या चार प्रश्नांत तर एका दिवसाचाही विलंब परवडत नाही.

ग्रंथांतील बंधविचार

बंध ही आपल्या शास्त्राला नवी गोष्ट नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १८व्या अध्यायात चौदा बंध सांगितले असून स्थानानुसार गाढ, सम आणि शिथिल असे त्यांचे तीन प्रकार केले आहेत. तो विचार मुख्यतः व्रणासाठी आहे, हे खरे. परंतु पृष्ठ, पार्श्व आणि उदर या स्थानांना तेथे समबंध सांगितला आहे, ही बाब आपल्या विषयात मार्गदर्शक ठरते. जो आवळतही नाही आणि ढिलाही राहत नाही, तो समबंध. 'जितका घट्ट तितका गुणकारी' या लोकसमजुतीला याहून नेमके उत्तर नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४वा अध्याय स्वेदाचा. त्यात उपनाहासाठी उष्णवीर्य चर्माचे आणि त्याच्या अभावी रेशमी किंवा लोकरी वस्त्राचे बंधन सांगितले आहे. रात्री बांधलेले दिवसा सोडावे व दिवसा बांधलेले रात्री सोडावे, हा दंडकही तेथेच येतो. विदाह टाळणे हा त्याचा हेतू होय. बांधण्याबरोबरच सोडण्याचा काळही ठरवून देणारी ही दृष्टी आजच्या पट्ट्यालाही लावावी, असे मला वाटते.

आधुनिक अभ्यास काय सांगतात?

येथे प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. अमेरिकेत १६० दुकानांतील ओझे हाताळणाऱ्या ९,३७७ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरल्याने कंबरदुखीचे प्रमाण घटल्याचे त्यात आढळले नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीच्या उपचारासाठी पट्टे देऊ नयेत, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शिकेनेही प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीत पट्ट्याचा नित्य वापर न करण्याचा सल्ला दिला आहे.

दुसरी बाजूही आहे. एक ते तीन महिन्यांच्या कंबरदुखीतील १९७ रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लवचिक पट्टा वापरणाऱ्यांची हालचाल अधिक सुधारली आणि त्यांना वेदनाशामकेही कमी लागली. दोन्ही बाजू तोलून मी असा निष्कर्ष काढतो : निरोगी माणसाची कंबर वाचविण्यासाठी पट्टा उपयोगी नाही, जुनाट दुखण्यात तो नित्याचा सोबती होऊ नये, मात्र नव्याने भरलेल्या कंबरेत निवडक रुग्णाला काही दिवस चालते-फिरते ठेवण्यासाठी त्याचा आधार घेता येतो. पट्टा रोग बरा करत नाही. तो वाकणे आवरतो, ऊब देतो आणि 'जपून' अशी आठवण करून देतो.

निवड कशी करावी?

१. प्रकार : साध्या कटिशूलात मऊ, लवचिक आणि पाठीमागे पट्ट्या असलेला 'एल. एस. बेल्ट' पुरेसा असतो. छातीपर्यंत जाणारा 'टेलर्स ब्रेस' हा मणक्याचा अस्थिभंग, क्षय यांसारख्या व्याधींत तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरण्याचा आहे. अधिक मोठा म्हणजे अधिक चांगला असे समजून तो देऊ नये. प्रसूतीनंतरचा पोटाचा पट्टा कटिशूलासाठी खपवू नये.

२. माप : विजारीच्या मापावरून पट्टा देऊ नये. फीत लावून मोजावे. काही उत्पादक कंबरेचा घेर धरतात, तर काही नितंबांचा. म्हणून खोक्यावरील तक्ता प्रत्येक वेळी वाचावा.

३. जागा : खालची कड त्रिकास्थीवर यावी आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंस हाताला लागणारी हाडांची कड पट्ट्याखाली झाकली जावी. वरची कड बरगड्यांना टोचू नये. रुग्णास दुकानातच एकदा बसवून पाहावे. बसताच पट्टा जांघेत रुतत असेल तर तो रुंदीला जास्त आहे.

४. ताण : पट्टा बांधल्यावर दीर्घ श्वास घेता यावा आणि तळहात आत सरकावा. हाच आपला समबंध.

५. कापड : मराठवाड्यातील उन्हात जाड, हवा न खेळणारा पट्टा घामोळ्यांना आमंत्रण देतो. जाळीदार कापड निवडावे व आत पातळ सुती बनियन घालावयास सांगावे. स्त्रियांच्या बाबतीत परकराच्या नाडीची गाठ पट्ट्याखाली दाबली जाऊन कातडी सोलवटते. ही बारीक गोष्ट आपण सांगितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हर्निया, तीव्र अम्लपित्त, श्वास, हृद्रोग अथवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना घट्ट पट्टा बाधू शकतो. गर्भवतीस हा सामान्य पट्टा स्वतःच्या मनाने देऊ नये.

आपल्या चिकित्सेत आणखी एक पथ्य आहे. अभ्यंगानंतर तेलकट अंगावरच पट्टा बांधण्याची चूक सर्रास होते. त्याने त्वचेवर पुरळ उठते आणि पट्ट्याची पकडही जाते. अभ्यंग व स्वेद रात्री करावा, अंग कोरडे पुसावे आणि त्या रात्री पट्टा ठेवू नये.

सोडण्याची तारीख

मी आता चिठ्ठीवर पट्ट्यासमोर दोन तारखा लिहितो : बांधण्याची आणि सोडण्याची. पहिल्या आठवड्यात केवळ कामाच्या किंवा प्रवासाच्या वेळी, एका वेळी दोन-तीन तास. झोपताना कधीही नाही. दुसऱ्या आठवड्यात निम्मा वेळ, आणि तिसऱ्या आठवड्यात सुटी. त्या मुदतीत आराम नसेल तर पट्टा लांबवावयाचा नाही. रुग्ण नव्याने तपासावयाचा. दरम्यान चालणे सुरू ठेवावे, कोष्ठशुद्धी पाहावी आणि वेदना उतरताच पाठीचे व पोटाचे सौम्य व्यायाम आरंभावेत.

पट्ट्याने स्नायू वाळतात, असे सरसकट म्हटले जाते. अभ्यासांतून ते ठामपणे सिद्ध झालेले नाही. मला दिसलेली हानी वेगळी आहे. एक रुग्ण पट्ट्याशिवाय वाकावयास भितो, तर दुसरा पट्ट्याच्या भरवशावर दुप्पट मोळी उचलतो. पहिल्याचे भय आणि दुसऱ्याचे धाडस, दोन्ही आपल्या एका वाक्याने टळू शकतात.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. बाजाराच्या दिवशी गर्दीत पट्टा मागणाऱ्यास निदान तीन गोष्टी विचाराव्यात : लघवीची तक्रार, पायातील ताकद आणि ताप. शंका येताच त्याला वैद्याकडे किंवा रुग्णालयात पाठवावे. त्या दिवशी एक पट्टा कमी विकला जाईल. पण तो माणूस पुन्हा तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.

आपल्या भाषेत कंबर कसणे म्हणजे कामाला सज्ज होणे. आपल्या भागातील माणूस कंबर कसूनच जगतो. ती कसताना तपासून, मोजून कसावी आणि सोडण्याचा दिवस त्याच वेळी ठरवावा, एवढेच आपल्या हाती आहे. तेवढे मात्र आपण कटाक्षाने करावे.