४०९६ बाइटांतले डोंगर

जर्मनीत सारब्रुकेनला दर ईस्टरला 'रिव्हिजन' भरतं, २०११ पासून. डेमोसीनवाल्यांचा हा मोठा मेळा. प्रोग्रामर, चित्रकार आणि संगीतकार मिळून 'डेमो' करतात. डेमोतली दृश्यं आधी चित्रित केलेली नसतात, कॉम्प्युटर ती त्याच क्षणी घडवत असतो.

माझा जीव अडकलाय तो '४के' स्पर्धेत. चित्र, संगीत, हालचाल, सगळं ४०९६ बाइटांत! मोबाइलवरचा एक साधा फोटोसुद्धा याच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणून इथे डोंगराचं चित्र साठवत नाहीत, डोंगर घडवणारं गणित लिहितात. २००९ साली 'ब्रेकपॉइंट' या अशाच मेळ्यात पहिला आलेला 'एलिव्हेटेड' बघाच. बर्फाळ रांगांवरून कॅमेरा फिरत राहतो आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

रिव्हिजनमध्ये भाग घ्यायचा तर कलाकृती नवी हवी, आधी कुठे दाखवलेली नको. ती आयोजकांच्या मशीनवर चालते, म्हणून त्या मशीनची माहिती आधीच वाचून ठेवा. मग अंधाऱ्या हॉलमध्ये मोठा पडदा, आणि मतं देतात ते प्रेक्षकच. त्यातले बरेच जण स्वतः कोड लिहिणारे, त्यामुळे टाळ्या नेमक्या जागी पडतात.

'शेडर शोडाउन' तर चुकवूच नका: मंचावर दोघं समोरासमोर, हातात २५ मिनिटं, आणि कोरा कोड सगळ्यांच्या देखत चित्र होत जातो.

फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रास्तच आहे. रिव्हिजनचं थेट प्रक्षेपण असतं, घरबसल्या बघता येतं.