कडुनिंबाखालची मधली फळी

सोलापुरातील जुन्या वाड्यांच्या परसात आणि बंगल्यांच्या आवारात एखादा तरी कडुनिंब आढळतो. मात्र त्याच्या सावलीतील जागा बहुधा ओसाड राहते किंवा तेथे फरशी बसते. पानझडी वनात असे नसते. तेथे उंच वृक्षांच्या छायेत लहान झाडांची एक मधली फळी असते आणि पाखरांना, फुलपाखरांना तीच आसरा देते. घराच्या आवारातही ही फळी उभी करता येते.

सोलापूरचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. येथे झाड निवडताना त्याला आयुष्यभर लागणाऱ्या पाण्याचा हिशेब आधी मांडावा. अप्कायिक जीवांची विराधना टाळू पाहणाऱ्या श्रावकाला तर तो मांडलाच पाहिजे. या हवेत रुळलेली देशी झाडे पहिली दोन-तीन वर्षे जपली, की पुढे थोड्या पाण्यावर तगतात.

विरळ सावलीत पारिजातक, कुंती व कढीपत्ता वाढतात. पारिजातकाची फुले पहाटे आपोआप गळतात. तोडण्याचा प्रश्नच येत नाही. ऊन पोहोचते त्या कडेला आपटा किंवा बहावा लावावा. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्याही फांद्या तोडून आणल्या जातात. दारी आपटा असला, की चार पानांत शिलंगणाचे सोने होते.

खरी कसोटी पुढे असते. कढीपत्त्यावर मॉर्मन जातीच्या काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. बहाव्याची पाने पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या खातात. पाने कुरतडलेली दिसताच फवारणीचा सल्ला मिळतो. वास्तविक निरोगी झाडाला नवी पालवी फुटते. विषाने मात्र अळीबरोबर मधमाशीही मरते. बागकामात काही आरंभी हिंसा अटळ आहे. पण केवळ शोभेसाठी जाणूनबुजून त्रस जीव मारणे संकल्पी हिंसेच्या अगदी जवळ जाते. अहिंसाणुव्रत पाळणाऱ्या घराने ही चार पाने सोडून द्यावीत.

खड्डे चातुर्मासापूर्वी, वैशाख-ज्येष्ठात घ्यावेत. ओल्या मातीत जीवोत्पत्ती अधिक असते; शिवाय उन्हात तापलेला खड्डा रोपालाही मानवतो. कडुनिंबाची जाड मुळे तोडू नयेत. बुंध्यापासून दूर, लहान खड्डा पुरतो. गळलेला पाला जाळू नये, रोपाच्या आळ्यात पसरावा. त्याने ओल टिकते.

एक विवेक मात्र हवा. वृक्षारोपणाच्या उत्साहात गावाबाहेरचे माळरान झाडांनी भरू नये. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या माळढोक अभयारण्यातील नान्नजचे गवताळ माळ हे दाखवून देतात, की माळढोकाला, काळविटाला उघडी भूमीच लागते. झाडांची जागा घर, पेढी, धर्मशाळा व मंदिराचे आवार ही आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाने एक खड्डा तयार ठेवावा आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत देशी रोपांची चौकशी करावी. कडुनिंब पूर्वजांनी लावला. त्याच्या छायेतील फळी पूर्ण करणे आजच्या पिढीकडे आहे.