धबधबा पाहू या, पण काठावरून!

पावसाळा सुरू झाला की मुलांना धबधब्याचे वेध लागतात. बेत जरूर आखा. पण निघण्यापूर्वी नदीचा एक स्वभाव घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी वरच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांतच खाली येऊन थडकते.

जुलै २०११ मध्ये इंदूरजवळच्या पाताळपाणी येथे नदीपात्रात उतरलेल्या सहलकऱ्यांना अशाच लोंढ्याने कड्यावरून खाली नेले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती.

नदी इशारा देते, तो ओळखायला हवा. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहत आली किंवा आवाज वाढला, की पिशव्या-चपला तिथेच सोडून उंच जागा गाठावी. गुडघाभर पाण्याचा जोरही मोठ्या माणसाचे पाय उखडतो. म्हणून पात्रातल्या खडकावर डबा उघडू नये, शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी उभे राहू नये. वर धरण असेल, तर भोंगा वाजताच बाहेर पडावे.

कुणी वाहून जाऊ लागले तर मागोमाग उडी घेऊ नका. काठावरूनच दोर, काठी किंवा ओढणी त्याच्याकडे टाका आणि ११२ क्रमांक फिरवा. धबधब्याची खरी शोभा दुरूनच दिसते, आणि तेथून सगळे मिळून घरी परतता येते.