वीतभर कुत्रा, कोसभर आवाज

राखणीचा कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी उभे राहतात ते त्याचे दात. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी, पाटीमागे साखळीला हिसके देणारे वासराएवढे जनावर, आणि रस्त्याच्या पलीकडे पाऊल टाकावे की नाही याचा विचार करणारा पोस्टमन! हे चित्र आजचे नाही. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घराच्या प्रवेशदाराशी रंगीत खड्यांच्या जडावाने काढलेला साखळीचा कुत्रा आणि त्याच्या पायाशी लॅटिनमध्ये लिहिलेली हीच सूचना आजही पाहायला मिळते. तेव्हा या पाटीचे वय १,९०० वर्षांहून अधिक भरले.

आमच्या घरी कुत्र्याचा विषय निघाला तो मात्र दातांमुळे नव्हे, कानांमुळे. आणि तेही आईच्या कानांमुळे.

आम्ही पुण्यात राहतो, तळमजल्यावर. सौ. आणि मी दोघेही नोकरीला, मुले कॉलेजात. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत घरात आई एकटी. तेव्हा तिचे वय होते ७८. पाय शाबूत, मोतीबिंदू काढल्यापासून डोळे आमच्यापेक्षा तेज. कानांनी मात्र दगा दिलेला. ऐकण्याचे यंत्र आहे, पण दुपारी आडवे होताना ती ते काढून डबीत ठेवते. मग दारावरची घंटा वाजो, नाहीतर मागच्या अंगणाची कडी कुणी खडखडवो, तिला त्याची दाद नसते. शेजारच्या इमारतीत एका दुपारी, घरातले माणूस आत झोपलेले असताना, मागच्या दाराने शिरून चोरट्याने कपाट साफ केले. त्या रात्री आमच्या पानावर वरणभातापेक्षा कुत्राच जास्त वाढला गेला.

चिरंजीवांची निवड ठरलेली होती: रॉटवायलर. ताबडतोब मोबाइलवर त्याची छायाचित्रे ताटांवरून फिरली. कन्येला हवा होता पग, कारण त्याचा चेहरा "सतत काळजीत असल्यासारखा गोड" दिसतो. सौ. म्हणाल्या, "कुत्रा आणा नाहीतर सुसर आणा, केर मलाच काढायचाय." आई सगळ्यांचे बोलणे संपेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "मला पाडणार नाही असा आणा, म्हणजे झालं."

या एका वाक्याने निम्मा प्रश्न निकालात निघाला. चांगला वाढलेला रॉटवायलर चाळीस-पन्नास किलोंचा भरतो. तो रागाने नव्हे, नुसत्या प्रेमाने अंगावर आला तरी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई जमिनीवर येते. आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने सोसले आहे त्याला सांगायला नको. शिवाय त्याला रोज फिरवायचे कोणी? दिवसभर तर आई घरात एकटी! ज्या कुत्र्याची दोरी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला धरता येत नाही, तो कुत्रा त्या माणसाची राखण करील, ही कल्पना मला तरी पटेना.

खरे पाहता आपण 'राखण' या एका शब्दात दोन वेगळी कामे कोंबतो. एक काम आलेल्याला अडवण्याचे. त्यासाठी अंगात बळ लागते, आणि असा कुत्रा हाताळायला मालकही तितकाच कसलेला लागतो. दुसरे काम नुसते कळवण्याचे. जुन्या गावगाड्यात रात्री जागून हाकारे घालणारा जागल्या असे. तो काही एकटा दरोडेखोरांशी लढत नसे, गाव जागे करीत असे. शहरातल्या मध्यमवर्गीय घराला हवा असतो तो असा जागल्या. लपूनछपून येणाऱ्याला गाजावाजा नको असतो. आपली चाहूल लागली आहे एवढे त्याला कळले, की त्याचा अर्धा धीर तिथेच खचतो.

हे काम लहान कुत्री पूर्वापार करीत आली आहेत. तिबेटातल्या मठांत आणि घरांत बाहेर दाराशी दांडगा मास्टिफ बांधलेला असे आणि आत वावरे तो झिपऱ्या ल्हासा अप्सो. बाहेरच्याने अडवायचे, आतल्याने चाहूल घ्यायची, अशी सरळ वाटणी. बेल्जममधल्या कालव्यांतून चालणाऱ्या होड्यांवर पहाऱ्याला असे तो शिपर्के, कोळशासारखा काळा आणि मांजराहून थोडा मोठा. आणि विल्यम ऑफ ऑरेंजची हकीकत तर इतिहासात नोंदलेली आहे. १५७२ च्या सप्टेंबरात एर्मिन्यी गावाजवळ डच छावणीवर स्पॅनिश सैन्याने रात्री अचानक छापा घातला. पहारेकरी कापले गेले, तरी तंबूत राजपुत्र गाढ झोपलेला. त्याच्या लहानग्या कुत्र्याने ओरडून, ओरबाडून, शेवटी तोंडावर उडी घेऊन त्याला उठवले. तो घोड्यावर बसून निसटला आणि नेदरलँड्सच्या स्वातंत्र्यलढ्याचा नायक हातचा गेला नाही. डेल्फ्टच्या चर्चमध्ये त्याच्या समाधीवरील पुतळ्याच्या पायाशी तो कुत्रा अजून बसलेला आहे. चपट्या नाकाच्या पांढऱ्या छोट्या जातीचा तो होता, असे त्या काळच्या एका सैनिकाने लिहून ठेवले असल्यामुळे पगवाले त्याला आपल्या कुळात ओढतात. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा कन्येने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिले.

पण पग आमच्या यादीतून बाद झाला तो नाकामुळेच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो. ज्याचे नाकच आत दाबलेले, त्याला हे जमावे कसे? पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत बिचाऱ्याची घरघर ऐकत बसायचे आणि वर त्यानेच राखण करावी अशी अपेक्षा धरायची, हे काही बरे दिसत नाही. ल्हासा अप्सोचे कान उत्तम आणि परक्याबद्दलचा संशयही अस्सल. पण रोज विंचरले नाही तर त्या लांब केसांच्या जटा होतात. सौ.नी केराचा उल्लेख केलेला असल्यामुळे मी तो विषय वाढवला नाही. फॉक्स टेरिअर तुम्ही पाहिलेला नसला तरी ओळखता. ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान लावून बसलेला तो निप्पर साधारण त्याच वळणाचा. टेरिअर तल्लख खरा, पण त्याला दिवसभर काही ना काही उद्योग लागतो. तो आपण दिला नाही, तर तो स्वतः शोधतो. बहुधा कुंड्यांमध्ये!

उरला स्पिट्झ. आपल्याकडे त्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी हाच. मोठ्या बांध्याचा पांढराशुभ्र इंडियन स्पिट्झ आपल्या हवेत कित्येक पिढ्या रुळलेला आहे, खाण्यापिण्याचे फार चोचले नाहीत, आणि दारावर पाऊल वाजले की घर डोक्यावर घेतो. दुसऱ्या कुणाचे घर असते, तर मी डोळे मिटून त्याचेच नाव सुचवले असते. आमच्या घरात अडचण आली ती कानाच्या डॉक्टरांमुळे.

आईचे यंत्र तपासायला नेले असता मी त्यांना सहज सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, "उतारवयात ऐकू कमी येतं, ते सगळ्या आवाजांना सारखं नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. खालच्या पट्टीतले जाड आवाज बरेच दिवस टिकतात." म्हणजे घंटेची किणकिण आईला ऐकू येत नाही, पण दारावर थाप मारली तर कळते, याचा उलगडा झाला. त्याचबरोबर हेही ध्यानात आले, की छोट्या पॉमेरियनची चिरकी भुंक तिच्या बाबतीत फुकट जाणार. आम्हांला हवा होता लहान अंगाचा, पण जाड आवाजाचा कुत्रा!

असा एक आहे. डॅशहाउंड. हा मूळचा जर्मनीचा. 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ करून राहणारा एक चिवट आणि चावरा प्राणी. 'हुंट' म्हणजे कुत्रा. त्या बिळात शिरता यावे म्हणून पाय आखूड, अंग लांबट, छाती मात्र भाता असावा तशी खोल. बिळात शिरून भुंकायचे ते असे, की वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला जमिनीखालचा आवाज ऐकून तो कुठे आहे ते कळावे. कुदळ-फावडे तिथेच मारायचे! पिढ्यान्पिढ्या जमिनीला भेदून जाणारा आवाज कमावलेल्या या कुत्र्याला तुमच्या-आमच्या फ्लॅटचे दार म्हणजे किस झाड की पत्ती. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्याला आत अल्सेशियन आहे असेच वाटते. शिवाय त्याच्यातल्या आखूड केसांच्या जातीला आपला उन्हाळा जाचत नाही. मोठा डॅशहाउंड सात ते चौदा किलोंपर्यंत भरतो, छोटा पाच किलोंच्या आतबाहेर.

दोष? आहेत की. एक नंबरचा हट्टी. नैसर्गिक विधींसाठी बाहेर जायचे असते, हे आमच्या पिल्लाला चार दिवसांत समजले आणि पटायला चार महिने लागले. आणि ती लांबलचक पाठ! तिच्या मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका या जातीत फार. सरकल्या तर मागचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून जिने नकोत, सोफ्यावरून उड्या नकोत, उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवाच, आणि वजन तर काटेकोर सांभाळायचे. तिसऱ्या मजल्यावर, विनालिफ्टच्या घरात राहणाऱ्याने डॅशहाउंड आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही तळमजल्यावर असल्यामुळे निभावले.

पायांत घोटाळून आई पडेल ही भीती होतीच. लहान कुत्र्याने माणूस पाडायचा तो असा. तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून आम्ही कुत्र्याच्या गळ्यात हळदीसारखा पिवळाजर्द पट्टा बांधला आणि ती उठली की त्याने आपल्या गोणपाटावर जाऊन बसायचे, ही पहिली शिस्त लावली.

त्याच सुमारास आई एकदा म्हणाली, "ही कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात म्हणे. मी काही तितकी पुरायची नाही. तेव्हा माझ्यासाठी म्हणून आणू नका. नंतर तुम्हांला सांभाळावासा वाटेल असा आणा." यावर कुणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी मात्र त्या दिवसापासून रॉटवायलरचे नाव टाकले.

पिल्लू घेताना एका दुकानदाराने जेमतेम पाच आठवड्यांचे पिल्लू आमच्या हातात ठेवले आणि "आजच न्या, उद्या राहणार नाही" अशी घाई केली. आम्ही हात जोडून बाहेर पडलो. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असा २०१७ च्या केंद्रीय नियमांचा दंडक आहे आणि त्यामागे शहाणपण आहे. आई-भावंडांत राहून पिल्लू चावा किती जोराचा घ्यावा हे शिकते. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकन संशोधकांनी बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून १९६५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ आपले कोण, जग कसे, हे ठरण्याचा म्हणून सांगितला आहे. तेवढ्या मुदतीत आम्ही पिल्लाला कडेवर घेऊन सगळी दुनिया दाखवली: दूधवाला, कचऱ्याची गाडी, काठी टेकत येणारे आजोबा, शाळेची पोरे. लसी पूर्ण व्हायच्या असल्याने जमिनीवर मात्र ठेवले नाही. कुणाला वाटते, राखणीच्या कुत्र्याला माणसांपासून तोडून वाढवावे. तसा कुत्रा राखणदार होत नाही, भित्रा होतो. आणि भित्रा कुत्रा चावतो. वानवळा म्हणून महानगरपालिकेचा परवाना आणि दर वर्षीची रेबीजची लस हेही खर्चात धरावे. कुणाचाही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठायचा, हळद-चुना भरत बसायचे नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ असावे.

आईने त्याचे नाव ठेवले खंडू. जेजुरीच्या देवाजवळ कुत्रा असतोच, म्हणून. भुंकायला त्याला शिकवावे लागले नाही. थांबायला शिकवावे लागले. कुत्रा भुंकू लागला की आपण ओरडतो, आणि त्याला वाटते, वा, मालकही सुरात सूर मिळवतोय! त्याऐवजी आम्ही उठून दाराशी जायचे, पाहायचे, शांतपणे "पुरे" म्हणायचे आणि तो गप्प बसताच भाकरीचा तुकडा द्यायचा. महिनाभरात शेजाऱ्यांच्या तक्रारी थांबल्या. आईला उठवायचे कसे, हे तिने आणि त्याने आपसातच ठरवले: आधी पलंगापाशी येऊन दोनदा भुंकायचे, मग दाराकडे पळायचे.

त्याला वर्ष झाले असेल, तेव्हाची गोष्ट. भर दुपारी मागच्या अंगणाची कडी कुणी तरी बाहेरून तार घालून सरकवत होते. आई उठली ती भुंकण्याने. तिने दार उघडले नाही. खिडकीच्या फटीतून पाहिले आणि समोरच्या काकूंना फोन लावला. काकू आणि रखवालदार येईपर्यंत अंगणात तार तेवढी पडलेली होती. खंडू तासभर त्या दाराशी पुटपुटत होता. वजन नऊ किलो.

आता दिवाळी आली आहे. चिवड्यातले बेदाणे, मुलांची चॉकलेटे आणि कांदा घातलेले काहीही कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाही. बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फटाक्यांचे काय करायचे, हा मात्र दर वर्षीचा पेच. आपले कान २०,००० कंपनांपर्यंतचे सूर ऐकतात, त्याचे ४५,००० च्या घरात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेते, पंखा मोठा करते, रेडिओ सुरू करते आणि खंडूला मांडीशी घेऊन बसते. आपले यंत्र ती काढून डबीत ठेवते आणि त्याच्या कानांवर शाल टाकते.