आकाश रंगवणारे हात

मे महिना आला की आमच्या जामसंड्यातली घरे भरून जातात. मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात, आखातातून सुट्टीवर आलेली मंडळी असतात. दिवसभर आंब्याच्या पेट्या भरायची धांदल आणि रात्री मुलांचा घोळका टीव्हीपुढे. अंतराळयानांचे जुने सिनेमे मुलांना फार आवडतात. यान सुटते, ग्रह जवळ येतो, माणसे हवेत तरंगतात. मग एखादी धाकटी विचारते, “हे कसं केलं असेल?” आणि थोरला भाऊ ठरलेले उत्तर देतो, “त्यात काय, सगळं कम्प्युटरवर करतात.”

या उत्तराने चौकशीच थांबते. ज्या सिनेमांनी साऱ्या जगाला अंतराळाची भूल घातली, त्यांत कम्प्युटरने काढलेली चित्रे जवळजवळ नव्हतीच. होते ते सुतारकाम, रंगकाम, काच, काळे कापड आणि भरपूर सब्र. ही हकीकत आपल्या घरांत पोचावी म्हणून हा लेख.

जादूगारांपासून सुरुवात

आपल्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटकाच्या जाहिरातीवर ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द असला की गर्दी वाढते. रंगमंचावर डोळ्यांदेखत काहीतरी अजब घडणार, हे लोकांना ठाऊक असते. सिनेमातल्या चमत्कारांची मुळेही अशीच रंगमंचावर आणि जादूच्या खेळात आहेत.

फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस हे व्यवसायाने जादूगार. त्यांनी 1902 साली चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा काढला. तोफेतून उडालेले यान थेट चंद्राच्या डोळ्यात घुसते, ते चित्र आजही जगभर ओळखले जाते. मेलिएस यांचे डोंगर, ढग, चांदण्या सगळे पडद्यावर आणि फळ्यांवर रंगवलेले होते. चंद्र जवळ येताना दिसावा म्हणून त्यांनी कॅमेरा जागचा हलवला नाही, तर चंद्र झालेल्या माणसालाच कॅमेऱ्याकडे ओढत आणले.

आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करत. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ते ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून रंगमंचावर येत. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून एक छोटी फिल्म केली होती. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पाहून लोक थक्क झाले. आणि 1917 मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही फिल्मच काढली. आपली करामत त्यांनी स्वतःहून लोकांसमोर मांडली. ‘हे कसं केलं असेल?’ हा प्रश्न फाळक्यांना इतका मोलाचा वाटत होता.

बगदादचा चोर आणि निळा पडदा

अंतराळाच्या सिनेमांना ज्या युक्तीचा सर्वाधिक उपयोग झाला, ती पुढे आली अलिफ लैलाच्या वाटेने. 1940 साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा सिनेमा आला. त्यात बाटलीतला प्रचंड जिन्न आहे, उडता घोडा आहे. चोराचे काम केले होते म्हैसूरच्या एका माहुताच्या मुलाने, साबूने. या सिनेमातल्या करामतींसाठी लॉरेन्स बटलर यांना ऑस्कर मिळाले.

युक्ती अशी. नटाला निळ्या पडद्यापुढे उभे करायचे. माणसाच्या कातडीत निळा रंग सर्वांत कमी, म्हणून प्रयोगशाळेत निळा भाग तेवढा वेगळा काढता येतो. त्या मोकळ्या जागी बगदादचे मनोरे बसवा, नाहीतर शनीची कडी. आज निळ्याऐवजी बहुधा हिरवा पडदा असतो, कारण डिजिटल कॅमेरा हिरवा रंग अधिक चांगला टिपतो. मूळ विचार तोच राहिला.

मुंबईतही असे कारागीर होते. सुरतेत 1918 साली जन्मलेले बाबूभाई मिस्त्री हे त्यांतले उस्ताद. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढे काळे धागे बांधून वस्तू आपोआप हलताना दाखवल्या. तेव्हापासून लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. होमी वाडिया यांचे ‘अलादीन’ आणि ‘हातिमताई’ आपल्या आजी-आजोबांनी पाहिले, तो याच हुन्नराचा जमाना.

मुंबईच्या सिनेमाने अंतराळही सोडले नाही. 1967 साली दारासिंग यांचा ‘चाँद पर चढ़ाई’ आला आणि त्याच वर्षी एन. ए. अन्सारी यांनी ‘वहाँ के लोग’मध्ये उडत्या तबकड्या दाखवल्या. माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरला तो 1969 साली. म्हणजे आपले लोक पडद्यावर दोन वर्षे आधीच निघाले होते.

पेन हवेत कसे तरंगले?

1968 चा ‘2001: अ स्पेस ओडिसी’ हा या कामातला मोठा टप्पा. त्यात यानातल्या प्रवाशाला झोप लागलेली असते आणि त्याच्या हातून सुटलेले पेन हवेत हळूहळू फिरत असते. ना धागा, ना कम्प्युटर. पेन एका स्वच्छ काचेला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावले होते आणि काच कॅमेऱ्यापुढे फिरवली होती. सेविका येऊन पेन उचलते, तेव्हा ती खरे तर ते काचेवरून सोडवून घेते.

यानाच्या गोल भिंतीवरून चालणारा माणूस दाखवण्यासाठी सुमारे 38 फूट व्यासाचे एक अवाढव्य चाक बांधले गेले. चाक फिरायचे आणि नट मात्र सतत खालच्याच बाजूला चालत राहायचा. कॅमेरा चाकालाच जखडलेला, त्यामुळे पाहणाऱ्याला माणूस छतावर चढल्यासारखा दिसे.

नऊ वर्षांनी, 1977 मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. सुरुवातीला पडदा व्यापून डोक्यावरून जाणारे ते राक्षसी जहाज प्रत्यक्षात जेमतेम तीन फूट लांबीचे होते. त्याच्या अंगावरचे बारीक भाग बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लॅस्टिक खेळण्यांतून काढून चिकटवलेले. इथे मेलिएस यांच्या उलट केले गेले. मॉडेल जागेवर ठेवले आणि कॅमेरा हलवला. जॉन डायकस्ट्रा यांच्या चमूने असे यंत्र बनवले, की कॅमेऱ्याची हालचाल तंतोतंत तशीच पुन्हा पुन्हा करता येई. मग यान वेगळे, तारे वेगळे, दिवे वेगळे टिपून एकावर एक बसवता येत. कम्प्युटरसारखे काही होते, ते या हालचालीची आठवण ठेवण्यासाठी.

या सगळ्याआधी होते ते चित्र. राल्फ मॅक्क्वारी हे विमान कंपनीत यंत्रांची चित्रे काढणारे चित्रकार. त्यांनी ‘स्टार वॉर्स’ची दृश्ये आधी कागदावर रंगवली आणि ती पाहून पैसे घालणाऱ्यांना गोष्ट कळली. खलनायकाचा तो श्वासाचा मुखवटाही त्यांचीच कल्पना. पात्राला एका यानातून दुसऱ्यात अंतराळातून जायचे आहे, मग श्वास कसा घेईल, असा साधा विचार त्यांनी केला. हॅरिसन एलेनशॉ यांनी काचेवर खोल दऱ्या रंगवल्या. काचेचा थोडा भाग कोरा ठेवायचा आणि तिथे खरा नट दिसेल असे जुळवायचे. म्हातारा नायक ज्या भयंकर खोल विहिरीच्या काठावर उभा आहे, ती विहीर म्हणजे ब्रशाचे काम आहे.

वाळवंटातला तो ग्रहही बनावट नव्हता. चित्रण ट्युनिशियात झाले. नायकाचे जमिनीखालचे घर म्हणजे मतमाता गावातली, अमाझिग लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खोदलेली घरे. ग्रहाचे नाव ‘टॅटुइन’ हेही तिथल्या तताउइन या शहराच्या नावावरून घेतलेले.

घरासाठी यात काय आहे?

पहिली गोष्ट, पाहण्याची शिस्त. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी मांडलेच, पण नजर कुठे कुठे फसते यासाठी त्यांनी एक सबंध भाग दिला. आज ती फसगत आपल्या खिशात आहे. पूर्वी ज्या दृश्याला काचा, चाके आणि महिने लागत, तसे दृश्य आता फोनवर चटकन तयार होते. सिनेमातला धूर किंवा व्हिडिओ गेममधली लढाई ‘आजची घटना’ म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. त्यातून एखाद्याची अब्रू जाते, मोहल्ल्याची शांतता बिघडते. ज्या मुलाला तीन फुटांचे जहाज ठाऊक आहे, ते विचारील: सावली कोणत्या बाजूला पडली आहे? हे कुठले, कधीचे, कुणी काढले? पुढे पाठवण्याआधी एवढे विचारणारे एक जरी माणूस घरात असले, तरी खूप झाले.

दुसरी गोष्ट, मुलांच्या हातातली कला. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच पुढे आले. आज मुंबईत मोठे व्हीएफएक्स स्टुडिओ आहेत आणि परदेशी सिनेमांचे कामही तिथे होते. काम चिकाटीचे आहे. सिनेमाच्या एका सेकंदात 24 चित्रे असतात. नटाची कड प्रत्येक चित्रात कापून वेगळी करायची, तर दहा सेकंदांसाठी 240 चित्रे हातावेगळी करावी लागतात. मुदत जवळ आली की रात्रीही जागाव्या लागतात. म्हणून भारी फीच्या वर्गात नाव घालण्याआधी त्या क्षेत्रात काम करणाऱ्याशी बोलावे. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुला-मुलींनी जरूर द्याव्यात. सजीवांची चित्रे काढायला काही घरांत संकोच असतो. त्या घरांतल्या मुलांनाही इथे वाव आहे, कारण कुणीतरी ग्रह, डोंगर, इमारती, पाणी आणि धूरही रंगवावा लागतोच.

सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. काळ्या पुठ्ठ्याला टाचणीने भोके पाडा आणि मागे दिवा लावा, तारे तयार. काड्यापेट्या, बाटल्यांची बुचे आणि बिघडलेल्या रिमोटचे भाग चिकटवून यान करा. त्याला राखाडी रंग द्या आणि खाचांत पातळ काळा रंग सोडा, म्हणजे ते प्रवास करून आल्यासारखे जुने दिसेल. उजेड एकाच बाजूने पडू द्या. अंतराळात हवा नसते, त्यामुळे प्रकाश पसरत नाही आणि सावली गडद पडते. मग यान जागेवर ठेवून फोन हळूहळू त्याच्या खालून न्या.

आमच्याकडच्या मुलांनी हे आंब्याच्या रिकाम्या पेटीत केले. दोन संध्याकाळी गेल्या आणि दहा सेकंदांचे चित्रण हाती आले. त्यानंतर त्यांचा सिनेमा पाहण्याचा वेग कमी झाला आहे. मधेच थांबवतात, मागे नेतात, आपसात वाद घालतात. सिनेमा संपायला उशीर होतो, पण मोठ्यांनी घाई करू नये. तुमच्या घरच्या यानाचा फोटो आम्हाला पाठवा आणि उजेड कुठून दिला तेही लिहा.