कोणता डोळा, मामा?

ऊसतोडणीच्या दिवसांत मलकापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी बसलात, तर डोळ्यावर रुमाल धरून कुणीतरी आत येतोच. काउंटरवरची मुलगी विचारते, "काय झालं मामा?" मामा सांगतात, "उसाचं पान लागलं गं पोरी. चार दिस झालं, लई पाणी येतंय, उजेड सोसंना." डॉक्टर तपासतात, केसपेपरवर दोन ओळी लिहितात आणि कागद पुन्हा काउंटरवर येतो. त्या दोन ओळींचा कोड करायचे काम त्या मुलीचे. बहुतेकदा ती हे काम कुणा आधीच्या मुलीकडून, वहीतली यादी उतरवून शिकलेली असते. यादीत मोतीबिंदूपुढे एक कोड, काचबिंदूपुढे एक, आणि बाकी सगळ्यांपुढे 'इतर'. मी नोंदणीच्या कामात नव्याने आलेल्यांना शिकवायला बसतो तेव्हा पहिल्या दिवशी ती वही बाजूला ठेवायला सांगतो. कोड पाठ करण्याची गरज नसते. निदानाचे वाक्य पुरे आहे का, एवढे ओळखता आले पाहिजे.

आधी ही यादी कुणाची ते पाहू. तिचे नाव आयसीडी, म्हणजे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, आणि ती जागतिक आरोग्य संघटना चालवते. सुरुवात १८९३ सालची. झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी शिकागोला मांडली होती. यादी मृत्यूची, त्यामुळे डोळ्याला तिच्यात फारसे काम नव्हते. डोळ्याच्या दुखण्याने माणूस सहसा मरत नाही. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत आजारही आले. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत डोळ्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्याआधी तो मज्जासंस्था आणि ज्ञानेंद्रिये अशा एकत्र कुटुंबात राहत होता. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचा जो भाग रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात मुख्य निदान, जोडीचे निदान आणि सहव्याधी यांसाठी आयसीडी-१० च्या चौकटी छापलेल्या असतात. म्हणून आज दहावी नीट आली पाहिजे, आणि अकरावीची तोंडओळख हवी.

दहाव्या आवृत्तीत डोळ्याची अक्षरखूण एच. एच ०० ते एच ५९ डोळा, आणि एच ६० पासून पुढे कान. आधी अक्षर, मग दोन आकडे, टिंब, मग आणखी एक आकडा. पहिल्या तीन खुणांनी आजाराचा गट कळतो आणि टिंबानंतरच्या आकड्याने प्रकार. रांजणवाडी एच ००.०. डोळे येणे एच १० च्या गटात. बुबुळावर मांस वाढते, ते एच ११.०. बुबुळावरचे फूल एच १७. काचबिंदू एच ४०. चष्म्याचा नंबर एच ५२: लांबचे दिसत नसेल तर एच ५२.१, चाळिशी लागली असेल तर एच ५२.४. आळशी डोळा एच ५३.०. टिंबानंतर ८ आला की 'यातलाच, पण वेगळा सांगितलेला' आणि ९ आला की 'काहीच सांगितलेले नाही'. या ९ कडे पुन्हा यायचे आहे.

नव्या माणसाची पहिली चूक अशी होते, की आजार डोळ्याचा म्हणजे एच मध्येच असणार असे तो धरून चालतो. यादी मात्र अवयवाआधी कारण विचारते. जन्मतः मोतीबिंदू घेऊन आलेले बाळ क्यू १२.० मध्ये जाते, कारण जन्मजात दोषांचे दालन क्यू चे. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग सी ६९.२. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, संसर्गाच्या दालनात ए ७१. रातांधळेपणा एच ५३.६ खरा, पण तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आला असेल तर ई ५०.५. वेल्डिंग करताना बुबुळात लोखंडाचा कण रुतला तर टी १५.०. त्याच वेल्डरने चष्मा न लावता ठिणगीकडे बघितले आणि रात्री डोळ्यांची आग झाली, तर एच १६.१. दुकान एक, माणूस एक, आणि दालने दोन.

आता मामांकडे येऊ. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पान बुबुळावरून ओढले गेले आणि मामा त्याच संध्याकाळी आले असते, तर ते नुसते खरचटणे होते: एस ०५.०, इजेच्या दालनात. पण मामा चार दिवसांनी आले. तोवर जखमेत जंतू शिरले आणि व्रण झाला. हा बुबुळाचा व्रण, एच १६.०. पाला-पाचोळ्याने झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचा धोका मोठा असतो आणि बुरशीचा व्रण महिनोन्‌महिने छळतो, म्हणून डॉक्टर कारण लिहितात. ते कारणही कोडात धरता येते. बाह्य कारणांच्या दालनात डब्ल्यू ६० अशी एक ओळ आहे: झाडाचे काटे आणि धारदार पाने लागणे. तिला आणखी एक आकडा जोडला की जागा कळते. घर ०, रस्ता ४, कारखाना किंवा बांधकाम ६, शेत ७. मामांची नोंद झाली एच १६.०, जोडीला डब्ल्यू ६०.७. जिनीव्हात बसून केलेल्या यादीत आपल्या फडातल्या पानाला जागा आहे, हे मला पहिल्यांदा सापडले तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली होती.

ही जोडओळ न लिहिल्याने कुणाचा क्लेम सहसा अडत नाही, म्हणून ती राहून जाते. मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना आली तेव्हा घरोघरच्या नळांना मीटर बसले, आणि पाणी कुठे किती जाते हे आकड्यांत दिसू लागले. डब्ल्यू ६०.७ हे तसले मीटर आहे. तालुक्यात दर हंगामात किती डोळे उसाच्या पानाने जखमी होतात आणि तोडणी कामगारांना साधे संरक्षक चष्मे द्यायला हवेत का, हे त्या नोंदींवरूनच विचारता येईल. नोंद नसेल तर सगळे 'बुबुळाचा व्रण' या एका ढिगात पडतात.

कोड शोधायचा कसा? आयसीडी-१० चे तीन खंड आहेत. पहिल्यात कोडांच्या क्रमाने यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अक्षरवार सूची. सुरुवात तिसऱ्यापासून करायची. तिथे 'डोळा' हा शब्द शोधत बसू नका. आजाराचे नाव शोधा. व्रण, मग त्याखाली बुबुळ. बाहेरची वस्तू, मग त्याखाली बुबुळ. तिथे जो कोड मिळेल तो तसाच उतरवायचा नाही. पहिल्या खंडात जाऊन ती ओळ वाचायची आणि खालची 'यात धरू नये' ही टीपही वाचायची. बरीच मंडळी हा दुसरा टप्पा टाळतात. संगणकावर शोधचौकट आल्यापासून तर जास्तच, कारण पहिले उत्तर बरोबरच असणार असे वाटते.

मोतीबिंदूपाशी थोडे थांबू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त कागद त्याचेच असतात. वयाचा मोतीबिंदू एच २५. सुरुवातीचा असेल तर .०, भिंगाच्या गाभ्यातला असेल तर .१. वयाखेरीज इतर कारणांचा एच २६: मार लागून झालेला .१, औषधांमुळे झालेला .३. मधुमेहाचा एच २८.०, पण तो एकटा लिहायचा नाही. यादीत काही कोडांपुढे कट्यारीची खूण असते आणि काहींपुढे चांदणीची. कट्यार म्हणजे मूळ आजार, चांदणी म्हणजे त्याने डोळ्यात केलेले काम. चांदणीचा कोड नेहमी कट्यारीच्या मागून येतो. म्हणून साखरेच्या रुग्णाचा मोतीबिंदू ई ११.३ आणि मग एच २८.०, आणि साखरेने पडदा खराब झाला असेल तर ई ११.३ आणि मग एच ३६.०. ई ११ म्हणजे टाइप २ मधुमेह, .३ म्हणजे डोळ्यापर्यंत पोचलेला.

मग दोन वर्षांनी काकी परत येतात. "मोतीबिंदू परत आला बघ, धुरकट दिसतंय." ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मोतीबिंदू परत येत नाही, कारण गढूळ झालेले मूळ भिंग काढून कृत्रिम बसवलेले असते. मागे ठेवलेल्या पातळ आवरणावर जाळी येते. डॉक्टर ती लेसरने मोकळी करतात. तिचा कोड एच २६.४, आणि कृत्रिम भिंग असल्याची खूण झेड ९६.१. काकींच्या बोलण्यावरून कुणी पुन्हा एच २५ टाकला तर कागदावर असे दिसते, की काढलेला मोतीबिंदू त्याच डोळ्यात पुन्हा काढायला निघालो आहोत. विमा कंपनी विचारणारच.

आणि इथेच दहाव्या आवृत्तीचा मोठा उणेपणा समोर येतो. तिच्या मूळ यादीत उजवा-डावा नाही. आजोबांचा उजवा डोळा दिवाळीला झाला आणि डावा संक्रांतीला, तर दोन्ही क्लेमवर एच २५.१ च. कोड बघणाऱ्याला हा एकच क्लेम दोनदा आल्यासारखा वाटतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर, निदानात आणि ऑपरेशनच्या नोंदीत, तिन्ही जागी डोळा लिहिलेलाच हवा, आणि तिन्हीकडे तोच हवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांचे उपचारांचे पॅकेज-कोड वेगळे असतात. ते निदानाच्या चौकटीत बसवू नयेत.

अमेरिकेने हा उणेपणा आपल्या सुधारित यादीत भरून काढला. ती १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथल्या दवाखान्यांना सक्तीची झाली, आणि आधीच्या सुमारे चौदा हजार निदान-कोडांचे सत्तर हजारांच्या आसपास झाले. वाढ मोठी दिसते, पण तिचा बराच भाग उजवा, डावा आणि दोन्ही यांचा आहे. तिथे गाभ्याचा मोतीबिंदू उजव्या डोळ्याला एच २५.११, डाव्याला एच २५.१२, दोन्हींना एच २५.१३. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अमेरिकी दवाखान्यांचे कोडिंग करणारी आपलीच मुले-मुली हे रोज लिहितात. त्यांचा ई ११.३५११ हा कोड मी शिकवताना फळ्यावर उलगडून दाखवतो. ई ११ टाइप २ मधुमेह, ३ डोळा, ५ पडद्यावर नव्या कमकुवत रक्तवाहिन्या फुटलेल्या, १ पडद्याच्या मध्यभागी सूज, शेवटचा १ उजवा डोळा. हे आकडे ओळीने वाचले की डॉक्टरांचे अख्खे वाक्य ऐकू येते. भारतात हा कोड चालत नाही, पण वाक्य कसे पुरे असावे हे त्याने चांगले कळते.

अकराव्या आवृत्तीने तेच काम निराळ्या रीतीने केले आहे. तिथे डोळा नवव्या प्रकरणात आहे, म्हणून कोड ९ ने सुरू होतो. दुसरी खूण नेहमी अक्षर असते, म्हणजे जुन्या आणि नव्या यादीचा गोंधळ होत नाही. ओ आणि आय ही अक्षरे वापरलेलीच नाहीत, कारण ती शून्य आणि एकसारखी दिसतात. हाताने लिहिलेले वाचणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी केला आहे. मोतीबिंदू ९बी१०, त्यातला वयाचा ९बी१०.०. चष्म्याचा नंबर ९डी००. मधुमेहाने खराब झालेला पडदा ९बी७१.०. उजवा-डावा यांसाठी वेगळे जोडकोड आहेत: उजवा एक्सके९के, डावा एक्सके८जी, दोन्ही एक्सके९जे. ते '&' या खुणेने जोडायचे. मूळ आजार तिरक्या रेषेने जोडायचा, आणि टाइप २ मधुमेह आहे ५ए११. म्हणजे हजारो तयार कोडांऐवजी थोडे शब्द आणि त्यांना जोडण्याचे व्याकरण. मला ही पद्धत जास्त पटते. पण तिच्यात चूक लपत नाही: डॉक्टरांनी डोळा लिहिलाच नसेल तर जोडकोड लावणार कशाच्या आधाराने?

त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांत खरा प्रश्न येतो तो ९ चा, अकरावीत झेड चा. 'सांगितलेले नाही' हा कोड कधीकधी प्रामाणिक असतो, कारण पहिल्या भेटीत डॉक्टरांनाच प्रकार ठरवता आलेला नसतो. पण गर्दी होती म्हणून एच २६.९ टाकला, तर त्या ढिगात वयाचा मोतीबिंदू, साखरेचा, आणि भट्टीच्या धगीपुढे वर्षे काढलेल्या माणसाचा, सगळे मिसळतात. इथून जवळ ओगलेवाडीला काचकारखाना होता, तिथले प्रभाकर कंदील घरोघर गेले. काच वितळवणाऱ्या धगीने होणारा मोतीबिंदू वैद्यकाच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. असा रुग्ण समोर आला आणि आपण ९ लिहिला, तर त्याच्या कामाने त्याच्या डोळ्याचे काय केले ते कुठेच उरत नाही.

शिकायला सुरुवात करताना आपल्या दवाखान्यातले गेल्या महिन्याचे केसपेपर घ्या. पुन्हा पुन्हा येणारी निदाने थोडीच निघतील. त्यांचे कोड स्वतः तिन्ही खंडांतून शोधा, वहीत डॉक्टरांचे शब्द आणि कोड शेजारी लिहा, आणि प्रत्येकापुढे एक रकाना ठेवा: यासाठी डॉक्टरांना काय विचारावे लागेल. काचबिंदूपुढे 'कोन उघडा की बंद'. मोतीबिंदूपुढे 'वय, मार की साखर'. सगळ्यांपुढे 'कोणता डोळा'. दृष्टी अगदीच कमी असेल तर एच ५४ लागतो, पण तो मूळ आजाराच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. आणि त्यासाठी दृष्टीचा आकडा हवा. अंधत्वाची व्याख्या भारताने २०१७ मध्ये ६/६० वरून ३/६० वर आणली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी जुळवून घेतली. जुन्या फायली बघून शिकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

केसपेपरवर नुसतेच 'मोतीबिंदू' लिहिलेले असेल तर काउंटरवरच्या मुलीने अंदाजाने प्रकार निवडायचा नाही. तो अधिकार तिचा नाही आणि ती जबाबदारीही तिची नाही. तिने कागदाला चिठ्ठी लावायची, "सर, उजवा की डावा? साखर आहे का?" आणि कागद आत परत पाठवायचा. सुरुवातीला डॉक्टर वैतागतील. आठवडाभरात ते तपासतानाच तेवढे लिहू लागतात.