उत्तर खोडण्यापूर्वी

सातवीत शिकणारी माझी नात एका संध्याकाळी विज्ञानाची प्रयोगवही पुढ्यात घेऊन बसली होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात खोडरबर. प्रयोग साधाच होता : पाण्याचा उत्कलनांक मोजणे. शाळेत तिच्या तापमापीने ९८ अंश सेल्सिअस दाखवले होते. पुस्तकात मात्र १०० छापलेले. तिच्या मैत्रिणीने फारसा विचार न करता १०० लिहून टाकले होते. "आजोबा, माझं चुकलंय. खोडून शंभर लिहू का?" तिने विचारले.

फरक दोनच अंशांचा होता. तरी मला तो क्षुल्लक वाटला नाही. रात्री गल्ल्यातील रक्कम रोजमेळाशी जुळली नाही, तर आपण रोजमेळातील आकडा बदलतो काय? बँकेत असताना रोकड जुळली नाही की आम्ही फरक शोधत उशिरापर्यंत बसत असू. आकडा बदलून जुळवलेला हिशेब हा हिशेबच नव्हे. प्रयोगवहीतील 'निरीक्षण' या शब्दाचा अर्थही तोच. तेथे डोळ्यांनी जे पाहिले तेच लिहावयाचे असते.

"खोडू नकोस. आधी फरक कुठे आहे ते शोधू," मी म्हणालो.

पहिला संशय तापमापीवर. तिच्या वडिलांनी प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून एक तापमापी आणली. (घरातील ताप मोजण्याची तापमापी येथे मुळीच वापरू नये, ती साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजते आणि उकळत्या पाण्यात फुटू शकते.) बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांच्या मिश्रणात ती धरली, तेव्हा बरोबर शून्य दिसले. नंतर मोठ्यांच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्यात धरली. पुन्हा ९८! तापमापी निर्दोष ठरली.

दुसरा संशय पाण्यावर. त्यात क्षार असतील तर? पण विरघळलेल्या क्षारांमुळे उत्कलनांक वाढतो, घटत नाही. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकला असेल तर? तरीही आकडा वाढलाच असता. म्हणजे हे दोन्ही आरोपी सुटले. आता उरली ती केवळ हवा.

पाणी उकळते म्हणजे काय, हे येथे पाहावे लागते. पाण्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात. त्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला, की बुडबुडे टिकतात, वर येतात आणि पाणी उकळू लागते. हवेचा दाब कमी असेल, तर कमी तापमानातही हे साधते. उंचावर गेले की डोक्यावरील हवेचा थर कमी होतो व दाब घटतो. साधारण ३०० मीटर उंचीमागे उत्कलनांक एका अंशाने उतरतो. आमचे पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. नातीने लगेच त्रैराशिक मांडले. उत्तर आले १.९ अंशांच्या जवळपास. हरवलेले दोन अंश सापडले!

मग प्रश्नांची रीघच लागली. मुंबईत आत्याच्या घरी? समुद्राकाठी जवळजवळ १००. महाबळेश्वरला? सुमारे १,३५० मीटर उंचीवर ९५-९६. "म्हणजे तिथे डाळ शिजायला जास्त वेळ लागणार!" ती उद्गारली. स्वयंपाकघरातून तिच्या आजीने सांगितले, "म्हणून तर कुकर." खरेच आहे. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास तापते.

ज्यांच्या नावाने आपण अंश मोजतो, त्या स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ सालीच नोंदवून ठेवले होते, की उत्कलनांक हवेच्या दाबानुसार बदलतो. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ मापनात उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर होते. ते पुढे उलटवले गेले.

पुस्तकही चुकले नव्हते. तेथील १०० हा आकडा समुद्रसपाटीवरील प्रमाण दाबाचा आहे. नात व पुस्तक, दोघेही खरे होते. आकडा खोडला असता, तर मात्र एक खरी गोष्ट कायमची हरवली असती.

आपण पालक मुलांचा गृहपाठ लवकर उरकावा म्हणून पटकन उत्तर सांगून मोकळे होतो. त्याऐवजी "तुला काय दिसले?" एवढेच विचारून पाहावे. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी बिघडत नाही. शोधताना शेजारी बसणे पुरे. गुण देणारे देतील. दिसले ते लिहिण्याचे धैर्य मात्र घरातच रुजते, आणि उद्या पेढीवर बसल्यावर तेच उपयोगी पडते.

नातीने निरीक्षणाखाली ९८ च ठेवले आणि अनुमानात पुण्याची उंची लिहिली. वही अद्याप तपासून आलेली नाही. तिला त्याची फारशी चिंताही दिसत नाही.